कंपनी उतरणीला, साहेब बाहेरचे: नव्याने लागलेल्यांसाठी मार्गदर्शक

पिंपरी-चिंचवड असो, सातपूर असो की वाळूज, जुन्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत कानावर पडणारी वाक्यं ठरलेली असतात. "साहेबांनी कधी व्हर्निअर हातात धरलाय का?" "आधी साबण विकत होते, आता आपल्याला गिअरबॉक्स शिकवतायत." "ऑर्डरी नाहीत म्हणतात, मग यांच्या गाड्या नव्या कशा?" ट्रेनी इंजिनिअर, नवा सुपरवायझर किंवा युनियनच्या कमिटीवर पहिल्यांदाच निवडून आलेला मेंबर या बोलण्यात पहिल्याच आठवड्यात ओढला जातो आणि सहा महिन्यांत स्वतःही तेच बोलू लागतो. त्यातून हाती काही लागत नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे.

आधी वैताग वेगळा करा

साहेबांवरच्या रागात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक मानाची: वीस वर्षांच्या माणसाला नाव न विचारता बाजूला सारलं. दुसरी कामाची: घेतलेला निर्णय तांत्रिकदृष्ट्या चुकीचा आहे. तिसरी पोटाची: पगार, पीएफ, नोकरी राहील का. एक साधी शंभर पानी वही घ्या. कानावर आलेली प्रत्येक तक्रार तारखेसकट लिहा आणि पुढे मा, का किंवा पो असं अक्षर टाका. महिनाभरात दिसेल की निम्म्याहून जास्त पानांवर 'मा' आहे. त्यावर इलाज थोडा. वरिष्ठ फोरमनने एकदा शांतपणे बोलावं, बाकी सोडून द्यावं. खरं काम उरलेल्या दोन अक्षरांवर आहे आणि त्या दोघांची दारं वेगळी आहेत. कामाची तक्रार प्लांट हेडच्या टेबलावर जाते, पोटाची लेबर ऑफिस आणि पीएफ ऑफिसकडे. दोन्ही एकाच गेट मीटिंगमध्ये ओरडून सांगितल्या की दोन्ही वाया जातात.

बाहेरचा माणूस नेहमीच चुकतो असंही नाही. परचेसमधल्या कुणाच्या मेहुण्याकडून कास्टिंग घेण्याची दहा वर्षांची रीत बऱ्याचदा बाहेरचाच मोडतो. 'आपल्याकडे असंच चालतं' हे उत्तर वहीत आलं, तर ते पान आपल्याच विरुद्ध आहे असं समजा.

साहेबांना कुणी आणलं आणि त्यांचा पैसा कशावर बांधलाय

नव्या साहेबांच्या शिक्षणापेक्षा त्यांच्या नेमणुकीचे कागद जास्त बोलतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवाल बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 100 रुपये भरून दाखल कागदपत्रं पाहता येतात. अहवालातल्या चार जागा बघा.

व्यवस्थापकीय संचालकांच्या नेमणुकीचा ठराव: मुदत किती (एका वेळी 5 वर्षांपेक्षा जास्त देता येत नाही), पगाराचा किती भाग नफ्यावर, किती शेअरवर. बोनस एका वर्षाच्या नफ्यावर बांधलेला असेल, तर तीन वर्षांनी फळ देणाऱ्या मशीनच्या ओव्हरहॉलला मंजुरी का मिळत नाही हे लगेच कळतं. माणूस वाईट असायची गरज नसते.

संचालक मंडळाचा अहवाल: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यम (क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या) पगाराच्या किती पट आहे ते छापावं लागतं. मागच्या तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. कॅन्टीनमधल्या अंदाजापेक्षा हा आकडा कराराच्या बोलणीत उपयोगी पडतो.

रोख प्रवाहाचं पान: नफा दिसतोय पण धंद्यातून येणारी रोख सलग दोन वर्षं उणे असेल, तर माल विकल्याचं दिसतंय, पैसे येत नाहीत.

चौथी जागा म्हणजे लेखापरीक्षकाच्या अहवालाचं परिशिष्ट. पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा) यांसारखी देणी सहा महिन्यांहून जास्त थकली असतील तर ती तिथे लिहावी लागतात. कंपनी पुढे चालू राहण्याविषयी शंका असेल तर तेही याच अहवालात येतं. नवा माणूस हे पान उघडत नाही, आणि बँकेचा माणूस सगळ्यात आधी तेच उघडतो.

साहेबांना मालकांच्या पुढच्या पिढीने आणलं, बँकेने बसवलं की गुंतवणूकदार फंडाने, तेही शोधा. फंडाला काही वर्षांत कंपनी विकून बाहेर पडायचं असतं, म्हणून त्याचे साहेब जमीन, जागा आणि जादा साठ्याकडे आधी बघतात. बँकेचं लक्ष हप्त्यावर असतं.

बाहेरून आलेल्याने काम कसं करावं याचं एक उदाहरण निसानचं. 1999 मध्ये कर्जात बुडालेल्या या जपानी कंपनीत फ्रान्सच्या रेनोने पैसे घातले आणि कार्लोस गोन यांना पाठवलं. त्यांनी नऊ गट केले आणि त्यांत निसानचेच मधल्या फळीतले मॅनेजर बसवले. खरेदी, उत्पादन, संशोधन यांतल्या खोडी त्यांनीच शोधायच्या होत्या. त्याच ऑक्टोबरमध्ये आलेल्या योजनेत पाच कारखाने बंद आणि 21,000 नोकऱ्या कमी करायच्या होत्या. म्हणजे गोड काहीच नव्हतं. पण आकडे आतल्या माणसांनी काढलेले होते, म्हणून ते खोटे आहेत असं म्हणायला कुणाला जागा उरली नाही. (गोन यांच्या 2018 च्या अटकेचं प्रकरण वेगळं.) तुमच्याकडे कन्सल्टंट आले असतील तर एवढंच मोजा: शंभर दिवसांत त्यांनी शॉप फ्लोअरवरच्या किती जणांना प्रश्न विचारले आणि किती जणांना पीपीटी दाखवली.

कामाची तक्रार रुपयांत मांडा

"नवीन इन्सर्ट भिकार आहेत" असं म्हटलं की साहेब ऐकतात आणि विसरतात. त्यांच्या समोर परचेसची फाइल असते आणि तीत बचत दिसत असते. म्हणून त्याच भाषेत उत्तर द्या. समजा, सीएनसी टर्निंगला 400 रुपयांचा चार धारांचा इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं पातं) होता आणि एका धारेत 150 नग निघायचे. नवा आला 260 रुपयांचा, त्यालाही चार धारा, पण एका धारेत 80 नगच निघतात.

जुना: 400 भागिले 600 नग, म्हणजे नगामागे 67 पैसे. नवा: 260 भागिले 320, म्हणजे 81 पैसे. स्वस्त इन्सर्ट इथेच महाग झाला, पण खरा मार पुढे आहे. धार बदलून ऑफसेट घ्यायला (मशीनची मापं पुन्हा जुळवायला) 5 मिनिटं लागतात आणि मशीनचा तासाचा दर 600 रुपये धरला तर एका बदलाचे 50 रुपये होतात. ते जुन्यात 150 नगांवर पडतात, म्हणजे 33 पैसे. नव्यात 80 नगांवर, म्हणजे 62 पैशांहून थोडे जास्त. एकूण जुना 1 रुपया, नवा 1 रुपया 44 पैसे. महिन्याला 20,000 नगांचं काम असेल तर साधारण 8,750 रुपये जादा जातायत आणि परचेसच्या तक्त्यात मात्र 35 टक्के बचत लिहिलेली आहे.

हे एका पानावर लिहा. वर मशीन नंबर, पार्ट नंबर, तारीख, शिफ्ट, मध्ये आकडे, खाली "चाचणीसाठी जुने दहा इन्सर्ट द्यावेत" अशी एकच मागणी. विशेषणं नकोत. नगांचे आकडे तीन शिफ्टमधून घ्या, कारण एकाच ऑपरेटरचे आकडे असले की 'त्याला सवय नाही' असं उत्तर तयार असतं. तासाचा दर स्वतः ठरवू नका, कॉस्टिंगमधून मागून घ्या. कागद त्यांच्याच आकड्यावर चालला तर वाद दरावर जात नाही. रिजेक्शन वाढलं असेल तर ते वेगळ्या ओळीत दाखवा. सगळं एकत्र मिसळलं की एक आकडा चुकला तरी अख्खा कागद बाद होतो.

हीच रीत कूलंट, बेअरिंग, ग्रीस, कॉन्ट्रॅक्टवरचे ऑपरेटर अशा प्रत्येक 'बचती'ला लागू पडते. नुकसान कुठल्या खात्यात जाऊन लपलंय ते शोधायचं. खरेदीतली बचत उत्पादनाच्या खर्चात लपते, मेंटेनन्समधली ब्रेकडाउनमध्ये आणि क्यूसीतली (मालाच्या तपासणीतली) ग्राहकाच्या परत आलेल्या मालात.

स्टोअरची सफाई निघाली की आडवे या

बाहेरच्या साहेबांचा जवळजवळ ठरलेला पहिला उपक्रम म्हणजे साठा कमी करणं. संगणकातून यादी निघते, तीन वर्षांत न हललेला माल लाल होतो आणि भंगारवाल्याचा टेम्पो गेटवर लागतो. यातला बराचसा माल खरोखरच टाकाऊ असतो. पण त्याच यादीत जुन्या हॉबिंग (गिअर कापणाऱ्या) मशीनचा एकुलता एक स्पिंडल, बंद पडलेल्या मॉडेलचं कंट्रोल कार्ड, पॅटर्न आणि फिक्श्चर असतात. हा माल हलत नाही कारण तो हलायची वेळ दहा वर्षांतून एकदाच येते. जुनी माणसं त्याला 'इन्शुरन्स स्पेअर' म्हणतात.

यादी यायच्या आधी मेंटेनन्स आणि टूल रूमच्या जुन्या माणसांबरोबर दोन संध्याकाळी बसा. प्रत्येक मशीनसाठी तीनच रकाने करा: भाग कुठला, नवा मिळायला किती आठवडे, तो नसेल तर मशीन बंद पडल्यावर दिवसाला किती नग बुडतात. बनवणाराच उरला नसेल तर दुसऱ्या रकान्यात 'मिळत नाही' असं सरळ लिहा. ही यादी स्टोअर आणि प्लांट हेड दोघांनाही मेलने पाठवा, तोंडी सांगू नका. भंगारात एकदा वजनावर गेलेला स्पिंडल परत येत नाही. व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) घेऊन तो बसवणारा फिटर निघून गेला असेल तर भाग असूनही उपयोग नाही, म्हणून चौथा रकाना 'कोण बसवू शकतो' असा जोडलात तर फारच चांगलं.

रिव्ह्यूतला लाल रंग

ॲलन मुलाली 2006 मध्ये बोइंगमधून फोर्डमध्ये आले तेव्हा कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात होती आणि दर गुरुवारच्या बैठकीत सगळ्यांचे तक्ते हिरवे, म्हणजे 'सगळं ठीक' असे यायचे. मार्क फील्ड्स यांनी पहिल्यांदा एका नव्या गाडीची अडचण लाल रंगात दाखवली, तेव्हा मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या. तुमचे साहेब काय करतील हे आधी छोट्या गोष्टीवर तपासा: एखाद्या किरकोळ डिलिव्हरीला लाल लावा आणि बघा. पुढचा प्रश्न "काय मदत हवी" असा आला तर मोठे कागद बाहेर काढा. "कुणामुळे" असा आला तर कागद प्लांट हेडमार्फत जाऊ द्या, स्वतः उभे राहू नका.

जिथे सही करायची नाही

तिमाही संपायच्या रात्री डिस्पॅचला जोर येतो, त्यात नवल नाही. पण बिल फाटलं, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) निघालं आणि माल मात्र मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली तसाच आहे, असं दिसलं तर सावध व्हा. किंवा माल खरंच गेला आणि पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत 'क्वालिटी' या नावाखाली तोच परत आला.

अमेरिकेतल्या सनबीम कंपनीचं हेच झालं. जुलै 1996 मध्ये अल डनलॅप यांना बाहेरून आणलं. त्यांनी निम्म्या नोकऱ्या कापल्या आणि नफा दाखवण्यासाठी हिवाळ्यातच दुकानदारांना बार्बेक्यूच्या शेगड्या विकल्याचं दाखवलं. माल भाड्याच्या गोदामांत पडून होता. जून 1998 मध्ये संचालकांनी त्यांना काढलं आणि 2001 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आकडे जुळवण्याचा आदेश वरून येतो, पण गेट पासवर, तपासणी अहवालावर आणि स्टॉक मोजणीवर सही खालच्या माणसाची असते. न पाहिलेल्या मालावर, मागच्या तारखेवर आणि न केलेल्या तपासणीवर सही करू नका. दबाव आला तर "माल प्रत्यक्ष पाहिल्यावर सही करतो" एवढा एकच मेल पाठवा. त्यात आरोप नसतो, नोंद असते.

पोटाच्या तारखा

भिंतीवरच्या कालनिर्णयवर दोन तारखांना गोल करा. 7 तारखेच्या आत मागच्या महिन्याचा पगार यायला हवा. 15 तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआय भरलं गेलं पाहिजे. पगारपत्रकात कापलेलं दिसतं म्हणजे भरलं असं नाही. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) चालू करून पासबुक दर महिन्याच्या 25 तारखेला उघडा. पीएफसाठी धरलेल्या तुमच्या वेतनातून 12 टक्के जातात आणि कंपनी तेवढेच घालते, त्यातला काही भाग पेन्शनमध्ये जातो. सलग दोन महिने नोंद नसेल तर स्क्रीनशॉट काढा, एचआरला लेखी विचारा आणि उत्तर आलं नाही तर पीएफच्या तक्रार संकेतस्थळावर टाका. पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय लागू असतं. तिथे हप्ता चुकला की दवाखान्याच्या खिडकीवर कळतं आणि ती वेळ चुकीची असते.

यापेक्षा आधी कळणारं लक्षण बाहेर असतं. इन्सर्टवाला, कुरिअरवाला, कॅन्टीनचा ठेकेदार उधार बंद करून रोख मागू लागले की समजा, रोकड आटली. सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावून साहेब करतात त्या 'टाऊन हॉल' भाषणापेक्षा कॅन्टीनच्या ठेकेदाराचा चेहरा खरा.

कायद्याचं थोडकं, पण नेमकं

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. जुन्या कलमांचे नंबर पाठ असलेल्या दादांना हे नम्रपणे सांगावं लागेल. शिफ्टच्या वेळा, रजा, भत्ते, कामगारसंख्या घटवणारी नवी कामाची पद्धत असे सेवाशर्तींतले बदल करायचे तर 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. साहेब बदल नोटीस बोर्डवर 'उद्यापासून' असा लावतात, कारण त्यांच्या जुन्या कंपनीत ऑफिस स्टाफच होता. त्यांना नोटिशीची आठवण लेखी करून द्या. बऱ्याचदा तिथेच विषय थांबतो.

20 किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे, दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, कमाल 10. कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची आगाऊ परवानगी आता 300 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यालाच लागते. पूर्वी हा आकडा 100 होता. म्हणून कायम कामगार 310 असताना पहिली व्हीआरएस आली, तर ती नेमकी किती माणसांसाठी आहे ते मोजा. संपाला 14 दिवसांची नोटीस लागते. रागाच्या भरात घेतलेला अर्ध्या दिवसाचा बंद मॅनेजमेंटच्याच पथ्यावर पडतो. आणि सुपरवायझर मंडळींनी ध्यानात ठेवावं: देखरेखीचं काम आणि महिना 18,000 च्या वर वेतन असेल तर औद्योगिक संबंध संहितेत तुम्ही 'कामगार' नाही. युनियनचा करार तुम्हाला वाचवेलच असं नाही.

व्हीआरएसचा कागद आला तर

पहिल्या पानावरचा मोठा आकडा झाकून ठेवा. त्यात ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, राहिलेला बोनस घुसडून फुगवलेला असतो आणि ते तर असेही तुमचेच आहेत. ग्रॅच्युइटी काढायची रीत: शेवटचं वेतन गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. वेतन 28,000 आणि नोकरी 16 वर्षं असेल तर 2,58,462 रुपये. नव्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जादा भाग वेतनात धरला जातो, त्यामुळे जुना हिशेब कमी निघू शकतो. पुन्हा करून बघा. मुदतीच्या करारावर असाल तर ग्रॅच्युइटीसाठी पाच नाही, एक वर्ष पुरतं.

मग विचारा: व्हीआरएस न घेता कपात झाली असती तर काय मिळालं असतं? दर पूर्ण वर्षाला 15 दिवसांचं सरासरी वेतन, म्हणजे वरच्या उदाहरणात सव्वादोन लाखांच्या आसपास, शिवाय किमान महिन्याची नोटीस आणि पुनर्कौशल्य निधीतून 15 दिवसांचं वेतन. झाकलेल्या आकड्यातून ग्रॅच्युइटी, रजा, बोनस वजा करा. उरलेली रक्कम याच्या जवळपासच असेल तर ती 'स्वेच्छे'ची किंमत नाही. नियमात बसणाऱ्या योजनेत 5 लाखांपर्यंत आयकर माफ आहे, पण आयुष्यात एकदाच. पेन्शनसाठी 10 वर्षं पूर्ण व्हायला चार महिने उरले असतील तर तारीख पुढे ढकलून मागा. हे मागितलं तर मिळतं, सुचवत कुणी नाही. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो, तेव्हा घरच्यांची पॉलिसी सही करायच्या आधी काढा.

प्रकरण न्यायाधिकरणात गेलं तर

कंपनी दिवाळखोरीसाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतली. त्यात अंतरिम व्यावसायिकाचं (कंपनीचा कारभार तात्पुरता हाती घेणाऱ्याचं) नाव, पत्ता आणि दाव्याची शेवटची तारीख असते, साधारण नेमणुकीपासून 14 दिवसांची. कामगार आणि कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म 'डी' आहे. सगळ्यांच्या वतीने प्रतिनिधी भरणार असेल तर फॉर्म 'ई'. 'युनियन बघेल' म्हणून थांबू नका, आपलं नाव यादीत असल्याची प्रत मागा. पुढे कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची मागच्या 24 महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात, इतर कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांची त्यांच्या खालोखाल. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम वाटपाच्या मालमत्तेत धरली जात नाही, पण फंडात पैसे टाकलेलेच नसतील तर कागदावरचं हे संरक्षण अपुरं पडतं.

या फॉर्मला नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि पीएफ पासबुक जोडावं लागतं. कंपनीचा मेल आयडी आणि एचआर पोर्टल एखाद्या सोमवारी सकाळी न कळवता बंद होतं आणि पावत्या आत अडकतात. दर महिन्याला पगाराची पावती स्वतःच्या मेलवर उतरवून ठेवा. फक्त पावती. ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, प्रोसेस शीट त्याबरोबर पाठवलंत तर व्हीआरएस राहील बाजूला, आधी चार्जशीट हातात येईल.